झापाखालची फटफटी

आमच्या घरात दोन वेळचा भात शिजत नव्हता, तेव्हाही आमच्या दारात मोटारसायकल उभी होती. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या गावचं कोणी हे वाचेल आणि म्हणेल, बाईंनी सोयीचं तेवढं लिहिलं.

बाबा माडी काढायचे. दिवसातून दोनदा वीस-पंचवीस माड चढायचे, उतरायचे. मग दारूबंदी आली. सरकारी माणसांनी माडांवरची मडकी उतरवून नेली, त्या संध्याकाळी बाबा सवयीने कमरेला दोरी बांधून वाडीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. पुढे ते दुसऱ्यांच्या वाड्यांतले नारळ पाडायला जाऊ लागले. मजुरी नारळांतच मिळायची. आई त्यांचं तेल काढून विकायची आणि चोथा आम्ही खायचो. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, तोंडी लावायला सुकट. पावसात माड निसरडे होत, म्हणजे तेही काम बंद. त्या चार महिन्यांत आमच्या घरी कोणी फारसं बोलत नसे. बोललं की भूक लागते, असं आईचं म्हणणं होतं.

या घरात बाबांचा धाकटा भाऊ राहायचा. माझा काका. गाव त्याला फटफट्या म्हणायचं, आणि त्याला ते आवडायचं. लढाईत तो लष्करात होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला मोटारसायकलवरून डाक पोचवायचा. परत आला तेव्हा हातात थोडे पैसे होते. त्याच्याबरोबर परतलेल्या कोणी जमिनीचा तुकडा घेतला, कोणी बहिणीचं लग्न केलं. काकाने मुंबईला जाऊन लष्कराने लिलावात काढलेली मोटारसायकल घेतली. तिला काळा रंग लावून आणला होता, पण टाकीला कुठे खरचटलं की खालचा लष्करी रंग दिसायचा. तो रंग तो लोकांना मुद्दाम दाखवायचा. म्हणायचा, "ही माझ्यापेक्षा जास्त फिरलेली हाय. हिला इचारा."

धंदा त्याने असा काढला की गाडी फिरत राहावी. शिवणाची यंत्रं दुरुस्त करायची. काशीद आणि मुरूडच्या मधलं आमचं गाव, तिथून वर रेवदंड्यापर्यंत आणि खाली आगरदांड्याला होडीत गाडी चढवून, पलीकडे दिघी, म्हसळा, पार माणगावपर्यंत जेवढे म्हणून शिंपी होते, तेवढे त्याचे गिऱ्हाईक. खाऱ्या हवेने यंत्रं सारखी धरायची, म्हणजे गंजून अडकायची. मागच्या कॅरियरवर एक लाकडी पेटी, तिच्यात तेलाच्या बुधल्या, चामड्याचे पट्टे, सुया, बॉबिनी. फिरतीवर निघाला की आठ-आठ दिवस येत नसे. आला की अंगाला यंत्राच्या तेलाचा, पेट्रोलचा आणि परक्या गावच्या जेवणाचा वास यायचा आणि आम्ही त्याच्याभोवती बसायचो.

मी त्याची लाडकी होते, हे लिहायला मला आज जड जातं, पण खरं आहे. मला तो 'बाय' म्हणायचा. मुरूडच्या हायस्कुलात मला घालायचं त्यानेच ठरवलं. आई म्हणाली, "भावजी, पोरीची जात. चार यत्ता झाल्या, बास झालं." तर काका म्हणाला, "वहिनी, मी इंग्रजी पाटी वाचून रस्ता ओळखायचो म्हणून जिवंत परत आलो. हिला वाचू दे." घरात जो मिळवून आणतो त्याचा शब्द चालतो, आणि तेव्हा रोख पैसा आणणारा तोच होता. मी शाळेत गेले. बाजारच्या दिवशी तो मला मागे बसवून मुरूडला सोडायचा. वाडीवाल्यांच्या मुली फाटकातून बघायच्या. त्यांच्या घरी माझे बाबा नारळ पाडायला जात आणि मागच्या अंगणात उभे राहत. त्या मुलींच्या पुढून मी मोटारसायकलवरून जायचे. तो आनंद मी नाकारत नाही.

काकाची यंत्राबद्दलची अक्कल दोन ठिकाणची होती. निम्मी लष्करातली, निम्मी कोळीवाड्यातली. लहानपणी तो कोळ्यांच्या होड्यांना तेल लावायला जायचा. ज्येष्ठात वारं फिरलं की ते लोक होड्या वर ओढतात, मासळीचं तेल पाजतात आणि माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी शाकारून ठेवतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. काका फटफटी तशीच शाकारायचा. चाकं काढायची, साखळी तेलात बुडवून ठेवायची, प्लग काढून त्या भोकातून इंजिनात तेल ओतायचं, सगळ्या लोखंडाला मासळीचं तेल चोपडायचं आणि वर पेंढा आणि झाप. पडवीत अडीच महिने असा वास सुटायचा की गावातली सगळी मांजरं आमच्याकडे मुक्कामाला यायची. एक बोका तर रोज सकाळी येऊन हँडल चाटायचा. काका त्याला 'मिस्त्री' म्हणायचा.

होड्यांचा आणखी एक रिवाज त्याने उचलला होता. शाकारलेल्या होडीचा सौदा करायचा नाही. होडी पाण्यात तरंगताना दाखवायची आणि तेव्हाच विकायची. झापाखाली असताना विकलीत तर लाकडाचा भाव मिळतो आणि होडीचा अपमान होतो. कोळ्यांना हा रिवाज शोभतो, कारण त्यांची पोरं जूनमध्ये कॉलेजात जात नव्हती.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षात, असतानाच काकाने गावभर सांगून टाकलं होतं, "बाय मॅट्रिक झाली की मी फटफटी इकणार आणि तिला मुंबईला कॉलेजात घालणार." पारावर सांगितलं, होडीवर सांगितलं, शिंप्यांच्या दुकानांतून सांगितलं. लोक मला विचारायचे, काय गं, फटफटी खाऊन शिकणार म्हणे तू. आई रात्रंदिवस माझ्या लग्नाचं बोलायची ती त्या वर्षी गप्प बसली. बाबांनी मावशीकडून आलेलं एक स्थळ परत पाठवलं. म्हणजे हे नुसतं बोलणं नव्हतं. त्या बोलण्यावर माणसांनी निर्णय घेतले होते.

गिऱ्हाईकही चालून आलं. दिघीचे करीमभाई. जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते, तीन महिन्यांच्या रजेवर आले होते. चैत्रात त्यांनी फटफटी चालवून बघितली आणि तिथल्या तिथे रक्कम सांगितली. ती ऐकून बाबा उठून उभे राहिले. काका मात्र म्हणाला, "लगीनसराई हाय, करीमभाई. शिंप्यांची यंत्रं आता बंद पडली तर लोकांच्या नवऱ्या उघड्या बसतील. सराई संपू दे, मग घ्या."

"मला जायचंय जूनमधी," करीमभाई म्हणाले. "त्याच्या आत बोल म्हणजे झालं. जबान दिली."

सराई संपली. त्या वर्षी वारं लवकर फिरलं. ढग आले तसा काका घाबरला आणि त्याने चार दिवस आधीच फटफटी शाकारून टाकली. पाचव्या दिवशी माझा निकाल लागला. मी पास झाले होते, आमच्या शाळेतून पहिल्या तिघांत. मुंबईच्या एका कॉलेजचा अर्ज आमच्या हेडमास्तरांनी आधीच मागवून ठेवला होता. त्याच आठवड्यात करीमभाई खाडी ओलांडून आले, छत्री मिटून पडवीत बसले आणि म्हणाले, "मुबारक हो बेटी. चल रे फटफट्या, गाडी काढ. मला परवा मुंबईत जहाज पकडायचंय."

काका झापाकडे बोट दाखवून हसला. "शाकारली."

"मग काढ."

"शाकारलेल्या होडीचा सौदा करता तुम्ही?"

करीमभाई दर्यावरचे माणूस. त्यांनी मान हलवली. "होडीचा न्हाय करत. पण ही होडी हाय का?"

"एकदा तेल पाजलं की पुनवेपर्यंत हात लावायचा न्हाय. इंजान धरंल."

"तुझं इंजान, तुला माहीत. मला चालू दाखवत असशील तर बोललेली रक्कम देतो. बंदच घ्यायची तर निम्मी. आत्ता, हातावर."

मी दारात उभी होते, अर्ज हातात. आई चुलीपुढून उठून आली. "भावजी," ती म्हणाली, "झाप काढा की. तासाभराचं तर काम."

"वहिनी, तुम्ही भाकरी बघा."

मग मी बोलले. मोठ्या माणसांच्या व्यवहारात मी तोवर कधी बोलले नव्हते. म्हटलं, "काका, निम्मे पुरतील. मास्तरांनी हिशोब करून दिलाय. पहिलं वर्ष निघतंय. पुढचं मी शिकवण्या करून बघेन."

काकाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला शिवी दिली. "निम्म्यात? ही काय लाकूड हाय? तुला न्हाय कळत, बाय. पुनवेला हीच गाडी दुप्पट घेऊन जातील लोक."

करीमभाईंनी चहा संपवला, मला एक रुपया दिला आणि गेले. बाबा पूर्ण वेळ खांबाला टेकून बसले होते. त्यांच्याबद्दलचा माझा रागही तिथलाच आहे, पण तो निराळा विषय.

नारळी पौर्णिमेला काकाने झाप काढले. चाकं बसवली, तेल काढलं, पहिल्याच किकला फटफटी सुरू झाली. त्याने गावात दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्यापुढे आणून उभी केली. "बघ," म्हणाला, "काय म्हटलं होतं मी?" त्याला खरोखरच वाटत होतं की तो जिंकला. कॉलेज सुरू होऊन दोन महिने झाले होते. मी तसं म्हटलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मग आता इकून काय करू? घरात पैसा ऱ्हातो व्हय? उगाच खर्चून बसू. पुढच्या जूनला इकू."

हे चक्र मला पुढे पाठ झालं. चैत्र-वैशाखात लग्नसराई, म्हणून विकायची नाही. जूनमध्ये शाकारलेली, म्हणून विकायची नाही. श्रावणानंतर कॉलेज सुरू झालेलं, म्हणून विकायची गरज नाही. गणपती, दसरा, दिवाळी, ईद, शिंप्यांचे सगळे सण फटफटीच्या बाजूने होते. वर्षाचे बारा महिने माझ्या विरुद्ध उभे राहिले. त्यांतला एकही महिना काकाने मुद्दाम उभा केला नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

त्याने मला एक जुनं शिवणयंत्र आणून दिलं. "तोवर हे चालव." कोणा शिंप्याने टाकून दिलेलं, त्याने नवं करून दिलं होतं. मी दीड वर्ष त्यावर वाडीवाल्यांच्या मुलींचे परकर शिवले. त्यांतली एक, माझ्यापेक्षा दोन यत्ता खाली होती, ती मापं द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "तू कॉलेजात जाणार होतीस ना गं?" मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. बरं झालं.

दुसऱ्या वर्षी मात्र काका खरंच हलला. आमच्या रस्त्याला एसटी सुरू झाली होती. शिंपी आता यंत्राचं मुंडकं पिशवीत घालून एसटीने तालुक्याला नेऊ लागले. काकाचं काम कमी झालं. मी पुन्हा अर्ज मागवला होता. फाल्गुनात तो म्हणाला, "माणगावला एक कंत्राटदार हाय, हमरस्त्याचं काम करतो. त्याला फिरायला गाडी पायजे. चल बाय, तू पण चल. तुझ्या हातानं पैसे घे."

मी मागे बसले. आगरदांड्याला दोन फळ्या टाकून फटफटी होडीत चढवली. काका तिच्या हँडलला धरून उभा राहिला आणि मला खाडीची नावं, टेकड्यांची नावं सांगत राहिला. म्हसळ्याच्या घाटात एका वळणावर थांबून म्हणाला, "ब्रह्मदेशात अस्साच रस्ता होता. फक्त लोक गोळ्या घालायचे." मी हसले. मला त्या दिवशी तो फार आवडला होता, कारण मला वाटत होतं की परतताना आम्ही एसटीने येणार आहोत.

कंत्राटदार वखारीपुढे खुर्ची टाकून बसला होता. त्याने फटफटीभोवती एक फेरी मारली. गेल्या वर्षीच्या मानाने किंमत कमी सांगितली, तरी ती माझ्या दोन वर्षांना पुरली असती. काका "बरं" म्हणाला. मी ऐकलं, तो "बरं" म्हणाला. मग कंत्राटदाराने चप्पल घातलेल्या पायाने मागच्या टायरला दोन लाथा मारल्या, टायर कसा आहे ते बघायला. सगळेच बघतात तसे.

काकाने फटफटी स्टँडवरून काढली. "बस, बाय."

"काय झालं?" कंत्राटदार म्हणाला. "पैसे आणतोय ना आतनं."

"ऱ्हाऊ दे. ज्याला पायानं बघावं लागतं त्याला गाडी कळत न्हाय."

आम्ही आलो तसे परत निघालो. मी त्याच सीटवर, त्याच पाठीमागे. म्हसळ्याला त्याने मला भजी आणि चहा घेतला. मी भजी खाल्ली नाहीत. तो म्हणाला, "रागावली का माझी बाय? अगं, असल्या माणसाला दिली तर वर्षात भंगार करंल तो." मी म्हटलं, "मग करू दे की. ती त्याची होईल ना." त्याला माझं हे बोलणं समजलंच नाही. त्याने माझी भजीसुद्धा खाल्ली.

यात गाडीचं प्रेम किती आणि दुसरं काय किती, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी फिरतीत त्याच्याबरोबर मुरूडच्या एका मोठ्या वाडीत गेले होते. त्यांच्या घरचं यंत्र बिघडलं होतं. फटफटीचा आवाज ऐकून मालक स्वतः ओटीवर आले आणि त्यांनी काकाला खुर्ची दिली. त्याच वेळी बाबा मागच्या बाजूला त्यांच्याच माडावर होते. सख्खे भाऊ. एकाला ओटीवर खुर्ची आणि दुसऱ्याला मागच्या अंगणात, वरून ओतलेलं पाणी. काकाला माहीत होतं की ती खुर्ची त्याला नाही, फटफटीला आहे. फटफटी गेली की तोही मागच्या अंगणात जाणार होता. हे मी समजू शकते. पण समजलं म्हणून माफ केलं असं होत नाही, आणि मी तसं खोटं लिहिणार नाही. त्याची खुर्ची टिकावी म्हणून माझी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी मी विचारणं सोडलं. आई पुन्हा स्थळं बघू लागली होती. हेडमास्तरांच्या बहिणीने मुंबईहून कळवलं की टेलिफोनच्या ऑफिसात मॅट्रिक झालेल्या मुली घेतात. मी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं, आणि दसऱ्यानंतर मी निघाले. त्या दिवसांत मुरूडच्या बंदरातून मुंबईची आगबोट असे. आमच्या घरापासून बंदर तीन मैल. काकाने सकाळीच फटफटी पुसून दारात उभी केली होती. ट्रंक बांधायला दोरीही आणली होती.

मी बाबांना म्हटलं, "आपण चालत जाऊ."

बाबांनी ट्रंक डोक्यावर घेतली. काका म्हणाला, "अगं, दहा मिनिटांत सोडतो की." मी चालू लागले. मागून फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. तो आमच्यामागे अगदी हळू, पहिल्या गियरमध्ये येऊ लागला. तेवढ्या हळू ती गाडी चालत नाही. अर्ध्या मैलात इंजिन तापलं आणि बंद पडलं. मला वाटलं, आता परत जाईल. मी वळून पाहिलं नाही, पण बाबांनी पाहिलं. ते म्हणाले, "ढकलतोय गं." अडीच मैल काका ती फटफटी ढकलत आमच्यामागून आला. बंदरावर पोचला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना मी त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "पुढच्या जूनला नक्की." मी म्हटलं, "हं."

मुंबईत दिवसभर कानाला फोन लावून नंबर जोडायचे. राहायला गिरगावात एका विधवा बाईंच्या खोलीत चार मुली. दुसऱ्या वर्षी मला कळलं की सकाळचं कॉलेज असतं, नोकरी करणाऱ्यांसाठी. सहा वाजता वर्ग सुरू, साडेदहाला ड्युटीवर. मी नाव घातलं. फी मी माझ्या पगारातून भरली आणि ती पावती अजून माझ्याकडे आहे. घरी पत्राने कळवलं. बाबांना वाचता येत नव्हतं, पत्र पोस्टमास्तरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काकाही तिथे होता, असं आईने नंतर सांगितलं.

आषाढात एका संध्याकाळी खालून हाक आली, "बाय." काका. डोक्यावर गोणपाटाची खोळ, अंग भिजलेलं, आणि अंगाला तो मासळीच्या तेलाचा वास. मला एकदम कळलं की काय झालंय. आषाढात तो वास त्याच्या हाताला यायलाच नको होता.

"इकली," तो म्हणाला.

"आत्ता? शाकारलेली?"

"झाप काढले." तो पायरीवर बसला. "चालू केलीच न्हाय. भंगारवाला होता, रोह्याचा. त्यानं काट्यावर घातली." मग सदऱ्याच्या आतून त्याने कापडात बांधलेली पुरचुंडी काढली. "फीला घे."

पुरचुंडी लहान होती. त्याने पंधरा वर्षं पाळलेला रिवाज मोडला होता, आणि मोडायला नेमकं ते वर्ष निवडलं होतं ज्या वर्षी मला त्याची गरज नव्हती. माझ्या खोलीतल्या मुली वरून बघत होत्या. मी नुकती ड्युटीवरून आले होते, माझे पाय दुखत होते. ही कारणं नाहीत, तेव्हाची हकिकत आहे.

"फी भरली मी," मी म्हटलं. "तुम्ही ठेवा."

त्याला मी जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्याने पुरचुंडी हातात दोनदा फिरवली.

"आता उपयोगाचे न्हाईत व्हय?"

"तेव्हा निम्मे पुरत होते, काका."

तो मान हलवत राहिला. मी त्याला वर बोलावलं, चहा दिला, कोरडा टॉवेल दिला. चहा पिऊन तो म्हणाला की शेवटची एसटी चुकेल, आणि गेला. पैसे घेऊन गेला. पुढे लोक मला म्हणाले, घ्यायचे होतेस, काकाचं मन राहिलं असतं. मन राखायची पाळी माझी का यावी, हे कोणी सांगितलं नाही. मी घेतले नाहीत. आज कोणी आणून दिले तरी मी घेणार नाही. आणि तरी असं आहे की त्या संध्याकाळनंतर त्या जिन्यावरून उतरताना मी त्या पायरीवर पाय देत नसे.

त्यानंतर काका तीनेक वर्षं होता. घरी बसून यंत्रं दुरुस्त करायचा, पण लोक आणून देतील तर. मुरूडला चालत जायचा. आई सांगायची की मोठ्या वाडीत एकदा बोलावलं होतं तर मागच्या अंगणातच बसला, कोणी सांगायच्या आधीच. मी सुटीत जायचे तेव्हा आम्ही हवापाण्याचं बोलायचो. एकदा मी विचारलं, करीमभाई भेटतात का. म्हणाला, "भेटतात. त्यांनी नवी घेतली. आवाज बारीक हाय." एवढंच.

तो गेला तेव्हा माझं शेवटचं वर्ष चालू होतं. पावसाचे दिवस, आगबोट बंद. तार मिळून मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. त्याच्या उशाखाली ती पुरचुंडी तशीच बांधलेली सापडली. बाबांनी ती माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, त्याचं बारावं त्यातूनच करा. तसंच केलं. बाराव्याच्या जेवणाला कोळीवाडा आला होता, पाच-सहा गावचे शिंपी आले होते. एक म्हातारा शिंपी मला म्हणाला, "तुम्ही त्या कॉलेजवाल्या पुतणी ना? म्होरल्या जूनला गाडी इकणार, तुम्हांला शिकवणार, असं सांगायचा. लई वर्षं सांगत होता." मी म्हटलं, हो, मीच ती.

पुढच्या वर्षी मी बी. ए. झाले. दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं, आमच्या आळीत नव्हतं, आणि बायकांत तर साऱ्या गावात नव्हतं. चारही वर्षांची फी मी माझ्या पगारातून भरली.